बेसबॉल संघाचे हिवाळी निर्णय कसे पारखावेत

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो, सप्टेंबरच्या अखेरीस साखळी सामने संपतात, ऑक्टोबरभर बाद फेऱ्या रंगतात आणि वर्ल्ड सिरीजचा निकाल लागला की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मैदाने ओस पडतात. पुढच्या वर्षीचा संघ या मधल्या काळात उभा राहतो. कोणाशी करार करायचा, कोणाला सोडायचे, कोणत्या तरुणाला वर आणायचे आणि कोणत्या दुखावलेल्या हातावर पैसे लावायचे, याच्या बातम्या रोज येत असतात. त्या बातम्यांतले मोठे नाव आणि मोठा आकडा पाहून मत बनवले, तर ते बहुधा चुकते. हे निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कसोट्यांवर तपासावेत, ते येथे मिलवॉकी ब्रूअर्स या संघाच्या 2023-24 च्या हिवाळ्यावरून सांगितले आहे. विस्कॉन्सिनमधील हा संघ लीगमधल्या सर्वांत लहान बाजारपेठेत खेळतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक निर्णयामागचा हिशेब श्रीमंत संघांच्या तुलनेत स्वच्छ दिसतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा. तेथे प्रत्येक संघाला खर्चासाठी सारखीच रक्कम मिळते. 2025 च्या हंगामाआधीच्या महालिलावात ती 120 कोटी रुपये होती. बेसबॉलमध्ये लिलाव होत नाही आणि पगारावर कमाल मर्यादाही नाही. तेथे संघाकडे असते ती खेळाडूवरच्या हक्काची ठरावीक वर्षे, आणि बहुतेक व्यवहार खऱ्या अर्थाने या वर्षांचेच असतात.

आधी वर्षे मोजावीत

खेळाडू मेजर लीगच्या यादीत जितके दिवस असतो, तितका त्याचा सेवाकाल साठत जातो. हंगाम सुमारे 187 दिवसांचा असला, तरी 172 दिवस भरले की एक पूर्ण वर्ष धरले जाते. सहा वर्षे पूर्ण झाली आणि पुढचा करार नसला, की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा होतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच पगार मिळतो. हे किमान वेतन 2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर होते. त्यानंतरची तीन वर्षे पगार लवादाच्या पद्धतीने ठरतो आणि दरवर्षी चढत जातो. दोन ते तीन वर्षांच्या टप्प्यातील ज्येष्ठतम 22 टक्के खेळाडूंना लवादाचा हक्क एक वर्ष आधीच मिळतो.

म्हणून पहिले काम असे करावे, की संघाच्या संकेतस्थळावरून चाळीस जणांची अधिकृत यादी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे वय, सेवाकाल, पुढील वर्षीचा पगार आणि हक्काचे शेवटचे वर्ष लिहावे. ही माहिती फॅनग्राफ्स आणि स्पॉटरॅक या संकेतस्थळांवर सहज मिळते. सेवाकालाचा आकडा वाचताना एक काळजी घ्यावी. 3.045 याचा अर्थ तीन वर्षे आणि 45 दिवस असा आहे; तो दशांश अपूर्णांक नाही, आणि 3.171 नंतरचा आकडा 4.000 असतो. यादी हक्काच्या शेवटच्या वर्षानुसार लावली, की हिवाळ्यातले निम्मे निर्णय बातमी येण्याआधीच दिसू लागतात, कारण ज्याचे शेवटचे एकच वर्ष उरले आहे अशा चांगल्या खेळाडूबाबत संघाला काहीतरी ठरवावेच लागते.

ब्रूअर्सच्या 2023 च्या यादीत असे ठळक नाव कॉर्बिन बर्न्स या पिचरचे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, होते. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार 2021 मध्ये त्याच्या नावावर होता, 2023 मध्ये त्याने सुमारे 194 इनिंग्ज (सामन्याचे नऊ डाव असतात, त्यांतला एक म्हणजे एक इनिंग) टाकल्या होत्या आणि 2024 च्या अखेरीस तो मोकळा होणार होता.

लवादाची पद्धत कशी चालते, हे याच खेळाडूच्या उदाहरणावरून चांगले कळते. खेळाडू आणि संघ आपापला आकडा सादर करतात, सुनावणी होते आणि तीन लवाद त्या दोनपैकी एकच आकडा निवडतात. मधला आकडा देण्याचा अधिकार त्यांना नसतो. फेब्रुवारी 2023 मध्ये बर्न्सने 1 कोटी 7 लाख 50 हजार डॉलर मागितले होते आणि संघाने 1 कोटी 10 हजार देऊ केले होते. संघ जिंकला. सुनावणीत आपल्याविषयी जे बोलले गेले त्याने आपण दुखावलो, असे बर्न्सने नंतर उघडपणे सांगितले. वादाची रक्कम 7 लाख 40 हजार होती, म्हणजे पुढच्या वर्षीच्या किमान वेतनाइतकी. एवढ्या पैशांसाठी आपल्या सर्वोत्तम पिचरला समोर बसवून त्याच्या उणिवा मोजाव्यात का, या प्रश्नाला ब्रूअर्सकडे नियमाचे उत्तर होते: एका खेळाडूला सवलत दिली, की तोच आकडा पुढच्या सर्व सुनावण्यांत दाखला म्हणून उभा राहतो. हे उत्तर हिशेबाला धरून आहे, तरीही मला ते पुरेसे वाटत नाही.

1 फेब्रुवारी 2024 रोजी ब्रूअर्सने बर्न्सला बाल्टिमोर ओरिओल्सकडे पाठवले आणि बदल्यात बेसजवळ क्षेत्ररक्षण करणारा इनफिल्डर जोई ऑर्टिझ, डावखुरा पिचर डी. एल. हॉल आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतील, 34 वी निवड घेतली. हा व्यवहार पारखताना दोन रकाने समोरासमोर मांडावेत. बर्न्सला ठेवले असते, तर एक वर्ष, 1 कोटी 56 लाख 37 हजार डॉलरचा पगार आणि वर्षाअखेर त्याने दुसरीकडे करार केल्यावर भरपाई म्हणून मिळणारी ड्राफ्टमधील एक निवड, इतके हाती आले असते. पाठवल्यामुळे तो पगार वाचला, निवड आधीच मिळाली आणि जवळजवळ किमान वेतनावर अनेक वर्षे खेळणारे दोन तरुण आले. भरपाईच्या निवडीचा हा मुद्दा बहुतेक चर्चांत सुटतो. संघ जाणाऱ्या खेळाडूपुढे एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव ठेवतो; ही रक्कम लीगमधील सर्वाधिक 125 पगारांची सरासरी असते आणि 2024 च्या अखेरीस ती 2 कोटी 10 लाख 50 हजार डॉलर होती. खेळाडूने नकार देऊन दुसरीकडे करार केला, तर जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये निवड मिळते. त्यामुळे कोणी म्हणाले, की संघाने अमुक खेळाडूला फुकट जाऊ दिले, तर आधी हा प्रस्ताव दिला होता का ते तपासावे.

पिचिंगचा हिशेब इनिंग्जमध्ये करावा

पिचरची चर्चा सहसा त्याच्या वेगावर आणि सरासरीवर, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांवर, होते. हिवाळ्यात त्याहून उपयोगी प्रश्न असा आहे, की पुढच्या वर्षाच्या इनिंग्ज कोण टाकणार. 162 सामने आणि प्रत्येकी नऊ इनिंग्ज धरल्या, तर संघाला सुमारे 1,450 इनिंग्ज भराव्या लागतात. सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर, म्हणजे स्टार्टर्स, ठणठणीत राहिले आणि प्रत्येकाने 150 टाकल्या, तरी 750 होतात. उरलेल्या 700 बुलपेनने, म्हणजे नंतर बदली येणाऱ्या रिलीव्हर्सनी, आणि सहाव्यापासून दहाव्या क्रमांकापर्यंतच्या स्टार्टर्सनी टाकायच्या असतात. आणि पाचही जण वर्षभर ठणठणीत राहतात, असे जवळजवळ कधीच होत नाही. 2024 च्या हंगामात साऱ्या लीगमध्ये मिळून फक्त चार पिचर्सनी 200 इनिंग्जचा टप्पा गाठला. म्हणून वाचकाने कागदावर पिचर्सची नावे लिहावीत, गेल्या वर्षीच्या इनिंग्ज पुढे मांडाव्यात, कोपर किंवा खांदा दुखावलेल्यांचा आकडा सढळ हाताने कमी करावा आणि बेरीज 1,450 पासून किती दूर राहते ते पाहावे. राहिलेली तूट हीच संघाची खरी गरज. ती एका महागड्या नावाने क्वचितच भरून निघते.

दुखापतींबाबत एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. कोपरातील अस्थिबंध फाटल्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करतात. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा टॉमी जॉन याच पिचरवर केली. तीतून परतायला बारा ते अठरा महिने लागतात. जूनमध्ये शस्त्रक्रिया झालेला पिचर पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मिळेल, असे संघ म्हणत असेल, तर त्याच्या इनिंग्ज शून्य धराव्यात. खांद्याची शस्त्रक्रिया कोपराहून अधिक बेभरवशाची मानली जाते.

ब्रँडन वुडरफचे प्रकरण येथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. 2023 मध्ये त्याने 67 इनिंग्ज टाकल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. 2024 हे त्याच्या हक्काचे शेवटचे वर्ष होते आणि ते बहुतांशी बुडणार होते. लवादाच्या पद्धतीने मात्र त्याला कोटीभर डॉलर द्यावे लागले असते. नोव्हेंबरमध्ये अशा खेळाडूंना पुढचा करार द्यायचा की नाही, हे कळवण्याची एक मुदत असते. ब्रूअर्सने त्या मुदतीत वुडरफला सोडले. बातमी निष्ठुर वाटली. फेब्रुवारीत त्याच संघाने त्याच्याशी दोन वर्षांचा, 1 कोटी 75 लाख डॉलरची हमी असलेला करार केला: 2024 साठी 25 लाख, 2025 साठी 50 लाख, 2026 साठी दोन्ही बाजूंच्या संमतीने 2 कोटींचा पर्याय आणि तो पर्याय अमलात न आल्यास 1 कोटी. दोन्ही बाजूंच्या संमतीचे असे पर्याय प्रत्यक्षात फारसे येत नाहीत. पैसे पुढच्या वर्षावर ढकलण्याची ती एक रीत आहे, आणि करार वाचताना त्यातल्या बाहेर पडण्याच्या रकमेकडे आधी पाहावे. ब्रूअर्सने वाया जाणाऱ्या एका वर्षाऐवजी कामी येण्याची शक्यता असलेले 2025 विकत घेतले. वुडरफ जुलै 2025 मध्ये परतला, त्याने बारा सामन्यांत 3.20 ची सरासरी राखली आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये संघाचा 2 कोटी 20 लाख 25 हजारांचा एकवर्षीय प्रस्ताव स्वीकारला.

बर्न्स गेला आणि वुडरफ बसून राहिला, तेव्हा 2024 च्या इनिंग्ज कोणी टाकल्या? फ्रेडी पेराल्टाने आणि कॉलिन रियाने प्रत्येकी 165 हून अधिक टाकल्या. टोबायस मायर्सने 138 टाकल्या आणि सरासरी 3.00 राखली, अनेक संघांनी सोडलेला हा पिचर 2022 च्या अखेरीस मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धांच्या, करारावर आला होता आणि तेव्हा त्याची बातमी कोणी वाचली नव्हती. जुलैमध्ये ॲरन सिव्हाले आणि फ्रँकी मोंटास यांना व्यवहारातून आणले गेले. पेराल्टाचा करार तर फेब्रुवारी 2020 चा: पाच वर्षांसाठी 1 कोटी 55 लाख आणि पुढे संघाच्या मर्जीची 80 लाखांची दोन वर्षे. पिचिंग स्वस्त पडते ते असे, चार वर्षे आधी केलेल्या सह्यांमुळे.

बुलपेन पाहताना पगारापेक्षा ऑप्शनचा रकाना पाहावा. चाळीसांच्या यादीत आल्यावर खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांत मायनर लीगमध्ये पाठवता येते; याच हंगामांना ऑप्शन म्हणतात. ते हंगाम संपल्यावर मात्र इतर संघांना त्याच्यावर दावा करण्याची संधी द्यावी लागते. ज्या रिलीव्हर्सचे ऑप्शन शिल्लक आहेत, ते वर्षभर नॅशव्हिल (ब्रूअर्सचा मायनर लीगमधला संघ) आणि मिलवॉकी यांच्यात ये-जा करतात, आणि एका हंगामात अशी पाठवणी जास्तीत जास्त पाच वेळा करता येते. ऑप्शन संपलेले चार रिलीव्हर्स असलेला संघ एप्रिलमध्येच अडकतो.

पगारखर्च: दोन वेगळे आकडे

एकाच संघाचा पगारखर्च दोन ठिकाणी वेगळा दिसला, तर गोंधळू नये. एक आकडा त्या वर्षी प्रत्यक्ष दिलेल्या पैशांचा असतो. दुसरा कराच्या हिशेबाचा असतो आणि त्यात प्रत्येक कराराची वार्षिक सरासरी धरतात; पगारखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर लीग संघाकडून हा कर घेते. शोहेई ओतानीने डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला, त्यातले 68 कोटी नंतर द्यायचे ठरले. त्यामुळे त्याला वर्षाला 20 लाखच हाती मिळतात, तर कराच्या वहीत त्याच्या नावापुढे वर्षाला सुमारे 4 कोटी 60 लाख लागतात.

कराची मर्यादा 2025 मध्ये 24 कोटी 10 लाख होती आणि 2026 साठी 24 कोटी 40 लाख आहे. ती पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30 आणि तिसऱ्या वर्षी 50 टक्के कर बसतो. फार वर गेल्यास अधिभार लागतो, आणि 4 कोटींहून अधिक ओलांडल्यास ड्राफ्टमधील पहिली निवड दहा जागांनी मागे जाते. 2024 साठी डॉजर्सनी सुमारे 10 कोटी 30 लाख डॉलर कर भरला आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली. ब्रूअर्ससारख्या संघाचा या मर्यादेशी संबंध येत नाही. त्यांची मर्यादा मालक ठरवतो आणि ती जाहीर होत नाही, म्हणून आधीच्या चार-पाच वर्षांचे आकडे पाहून ती अंदाजाने धरावी लागते. संघाकडे अमुक कोटी शिल्लक आहेत, अशी विधाने या अंदाजावरच उभी असतात.

तरुण खेळाडू आणि दिवसांचा खेळ

तरुणाला पदार्पण केव्हा द्यायचे, हा निर्णय खेळाचा असतो तितकाच दिनदर्शिकेचा असतो. शिकागो कब्जने 2015 मध्ये क्रिस ब्रायंटला 17 एप्रिल रोजी वर आणले. त्या वर्षी त्याचे 171 दिवस भरले, पूर्ण वर्षाला एक दिवस कमी पडला आणि तो 2020 ऐवजी 2021 च्या अखेरीस मोकळा झाला. त्याची तक्रार जानेवारी 2020 मध्ये फेटाळली गेली. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022 च्या सामूहिक करारात यावर थोडा उतारा आला: नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाचा सेवाकाल मिळतो, आणि नावाजलेल्या तरुणाला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला, त्याने तो पुरस्कार जिंकल्यास, ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. पिट्सबर्ग पायरेट्सने 2024 मध्ये पॉल स्कीन्सला 11 मे रोजी खेळवले. त्याने पुरस्कार जिंकला आणि पूर्ण वर्ष मिळवले. उशिरा आणल्यामुळे संघाला जादा निवडही मिळाली नाही. म्हणजे संघ दोन्हीकडून गेला. असा पिचर हाताशी असताना एप्रिल वाया घालवणे मला तेव्हाही पटले नव्हते.

ब्रूअर्सने हा खेळच टाळला. डिसेंबर 2023 मध्ये, मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या एकोणीस वर्षांच्या जॅक्सन चोरियोशी त्यांनी आठ वर्षांचा 8 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला आणि पुढची दोन वर्षे संघाच्या मर्जीची ठेवली. सहा वर्षांचा हक्क कोणत्याही परिस्थितीत संघाकडे होताच. चोरियो एरवी मोकळा झाला असता अशी दोन वर्षे या करारातून संघाला नक्की आणि आणखी दोन इच्छेनुसार मिळाली. असा करार पारखताना एकूण रकमेपेक्षा या जादा वर्षांची किंमत काढावी. खेळाडूच्या बाजूने तो जोखमीविरुद्धचा विमा असतो. चोरियो 2024 च्या पहिल्याच सामन्यात उतरला आणि त्या वर्षी त्याने 21 होमरन व 22 चोरलेले बेस नोंदवले. एकाच हंगामात दोन्हींत वीसचा टप्पा गाठणारा तो इतिहासातील सर्वांत तरुण खेळाडू ठरला. मात्र असे करार फसतातही, आणि पिचरबाबत तर अधिक. अटलांटा ब्रेव्हजने ऑक्टोबर 2022 मध्ये स्पेन्सर स्ट्रायडरशी सहा वर्षांचा 7 कोटी 50 लाखांचा करार केला, आणि एप्रिल 2024 मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली.

नोव्हेंबरच्या मध्याला आणखी एक मुदत येते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. अठराव्या वर्षापर्यंत करार केलेला खेळाडू पाच हंगामांनंतर आणि त्याहून मोठ्या वयाचा चार हंगामांनंतर चाळीसांच्या यादीत घेतला नाही, तर डिसेंबरमधील रूल 5 ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला 1 लाख डॉलरला उचलू शकतो. घेणाऱ्याने त्याला पुढचा पूर्ण हंगाम मेजर लीगच्या यादीत ठेवायचे असते. रोबेर्तो क्लेमेंटे 1954 मध्ये डॉजर्सकडून पायरेट्सकडे असाच गेला.

निकाल केव्हा द्यावा

ब्रूअर्सने 2024 मध्ये 93 सामने जिंकून गट जिंकला, म्हणून बर्न्सचा व्यवहार बरोबर होता, असे अनेकांनी लिहिले. हे अनुमान कच्चे आहे. त्या यशात चोरियो आणि मायर्स यांचा वाटा होता, आणि ते बर्न्स असतानाही संघात असतेच. बर्न्सने बाल्टिमोरसाठी 2.92 ची सरासरी राखली, बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात एकच धाव दिली आणि तरीही संघ 1-0 हरला. पुढे त्याने ॲरिझोनाशी 21 कोटींचा करार केला आणि जून 2025 मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. ऑर्टिझ आधी तिसऱ्या बेसवर आणि विली ॲडामेस गेल्यावर शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, आला. हॉल बराच काळ दुखापतीत अडकला. ऑर्टिझवरचा हक्क 2029 च्या हंगामापर्यंत आहे, तोवर या व्यवहाराची वही उघडीच ठेवावी.

व्यवहारात आलेला माणूस पुढे कोणत्या व्यवहारात गेला, हेही त्याच वहीत लिहावे. ऑगस्ट 2022 मध्ये ब्रूअर्सने जॉश हेडरला सॅन दिएगोकडे दिले, संघ त्या वर्षी बाद फेरीत पोहोचला नाही आणि निर्णयावर चौफेर टीका झाली. त्या व्यवहारात आलेल्यांपैकी एस्तेउरी रुईझ डिसेंबरमध्ये त्रिपक्षीय व्यवहारात ओकलंडला गेला आणि मिलवॉकीला विल्यम कॉन्ट्रेरास हा कॅचर मिळाला, जो पुढे संघाचा आधारस्तंभ झाला. ऑगस्टमध्ये दिलेला निकाल डिसेंबरमध्ये बदलावा लागला.

येथे दिलेल्या मर्यादा, मुदती आणि टक्केवाऱ्या सध्याच्या सामूहिक करारातील आहेत. तो 1 डिसेंबर 2026 रोजी संपतो. मागील वेळी करार संपल्यावर मालकांनी टाळेबंदी केली आणि 99 दिवस मेजर लीगमधला एकही व्यवहार झाला नाही. त्यामुळे त्या तारखेच्या जवळ येणारे करार वाचताना संघ नव्या नियमांची वाट पाहत आहे का, हा प्रश्नही यादीत धरावा.